तिसऱ्या हाकेला ओ

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. बेलापूरपासून कोसभर लांब, पाटाच्या वरच्या अंगाला आमची वस्ती होती. पाटाचं पाणी आम्हाला दिसायचं पण मिळायचं नाही, कारण पाणी चढावर येत नाही, आणि पुढारीही येत नसत. त्यामुळे सगळी भिस्त विहिरींवर आणि विहिरींची भिस्त दादांवर. सकाळी ते अंगणात राखुंडीने दात घासत उभे राहायचे आणि शिवारातल्या आठ-दहा इंजिनांचे आवाज ऐकायचे. मग चूळ भरून आईला सांगायचे, "आप्पाचं नोझल चोंदलंय बघ. दुपारपत्तोर बोलावनं यील." दुपारी आप्पाचा निरोप यायचाच. मला जरा कळायला लागल्यावर ते मलाही शेजारी उभं करायचे आणि विचारायचे, "सांग, कोनतं कुथतंय?" मी दहातल्या आठ वेळा बरोबर सांगायचे. "पोरीचा कान माज्यावर गेलाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं कौतुक रंगावरून व्हायचं, माझं कानावरून झालं. मला त्याचा फार गर्व होता.

त्या वर्षी ती इंजिनं एकेक करून मुकी झाली. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता. आधी आप्पाचं बंद झालं, मग ओढ्याकाठची दोन, आणि सगळ्यात शेवटी आमचं. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाचा फूटवाल विहिरीत उघडा पडला तेव्हा दादांनी स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं, पुसलं, आणि वर पोतं टाकलं. त्या दुपारी आई म्हणाली, "कानाला दडे बसल्यावानी वाटतंय गं." जेवणात ज्वारी जाऊन रेशनची तांबडी मिलो आली. तिची भाकरी थापताना कडेने चिरत जायची, म्हणून आई पीठ उकळत्या पाण्यात मळायची, आणि तेवढं पाणीसुद्धा मापून घ्यायची. भांडी कोरड्या राखेने घासायची, अंघोळ चार दिवसांनी, आणि अंघोळीचं पाणी बसायच्या पाटाखाली परात धरून म्हशीला. म्हैस ते नाक फेंदारून प्यायची. बाजारात ती कुणी फुकट घेईना, म्हणून आमच्याकडेच राहिली, आणि पुढच्या दोन महिन्यांत आमच्याकडेच मेली.

मला त्या सगळ्याचं जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटत नव्हतं, हे आता लिहून टाकते. मी नववीत होते आणि माझा मुक्काम पृथ्वीवर कमीच असे. बेलापूरच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांची एक फळी होती. त्यांत कधीमधी एखादी विज्ञानकथा सापडायची. दूरच्या ग्रहांवरचे निळे लोक, त्यांची यानं, आपल्याकडे येणारे त्यांचे संदेश. एकेक गोष्ट मी पाच-पाच वेळा वाचली. वस्तीवरच्या बायका आमच्या विहिरीच्या कडेला मांडलेल्या सात शेंदरी दगडांना, म्हणजे साती आसरांना, हळदकुंकू वाहायच्या तेव्हा मी नाक मुरडायचे. पाण्यातल्या सात बाया माणसाला आत ओढतात म्हणे! माणूस चंद्रावर जाऊन आलाय आणि ह्या दगडांपुढे वाकताहेत, असं मी आईला तोंडावर म्हणाले होते. आई म्हणाली, "चंद्रावर गेला त्यो घागर घिऊन गेल्ता का? मंग गप ऱ्हा."

दिवाळी झाल्यावर दरवर्षीप्रमाणे सोपानमामा आला. आईचा हा धाकटा भाऊ राजूरचा. तिकडे डोंगरात भाताचं एक तेवढं पीक, ते निघालं की तो खाली देशावर विहिरी खोदायला उतरायचा. यंदा भातही आला नव्हता, म्हणून लवकर आला. हडकुळा, हाताचे तळवे पहारीने घट्टे पडून लाकडासारखे झालेले, आणि डोळे कायम हसरे. "भंडारदऱ्याचं आमचं पानी पिऊन तुमी देशावाले सुदारले, दाजी," असं तो दादांना दर वर्षी न चुकता म्हणायचा, "आन् आमीच तुमच्या इहिरी खंदायच्या. ह्यो कुटला न्याय?" दादा हसून विडीचं बंडल पुढे सरकवायचे. मामा दोन यत्ता शिकला होता. पण माझ्या गोष्टींना त्याच्याइतका चांगला श्रोता मला पुढे विद्यापीठातही मिळाला नाही. कामावरून आला की पाय धुवायला पाणी नाही म्हणून नुसते झटकायचा, ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, "हां, इंदे, वाच. कुटवर गेल्तं यान?"

त्याचे प्रश्न मात्र खोदकाम करणाऱ्याचे असत. एकदा मी त्याला चंद्राची माहिती वाचून दाखवत होते. त्याने विचारलं, "पानी घावलं का तितं?"

"नाही मामा. नुसती धूळ आणि दगड."

"खंदलं का?"

"खंदलं असेल थोडं."

"किती हात?"

मी पान उलटून बघितलं, तसलं काही लिहिलेलं नव्हतं.

"मंग न्हाई म्हनू ने," मामा गंभीरपणे म्हणाला. "वरून कोरडं दिसतंय म्हंजे आपल्याला दिसंना. खाली आसतंय. आन् पानी आसंल तितं कोनतरी ऱ्हातंच. पानी रिकामं ऱ्हात न्हाई."

मी हसले होते. आता वर्तमानपत्रात वाचते की गुरूच्या आणि शनीच्या चंद्रांवर बर्फाच्या कवचाखाली समुद्र आहेत आणि कुणी असलंच तर तिथे असेल, वर नव्हे, खाली. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तसं म्हटलं आहे. प्रत्येक वेळी मला मामाचे ते घट्टे पडलेले तळवे आठवतात, आणि पेपर घडी करून ठेवून द्यावा लागतो.

एका गोष्टीचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. पृथ्वीवरचे लोक एका ताऱ्याकडे संदेश पाठवतात, म्हातारे होईपर्यंत वाट बघतात, आणि पुढे पानच नाही. मी मामाला म्हटलं, "तूच सांग काय झालं असेल." त्याने डोकं खाजवलं.

"ह्यांनी हाक मारली किती डाव?"

"एकदाच."

"मंग चुकलं की! एका हाकंला कोन शाना ओ दील?"

आणि मग त्याने मला ते सांगितलं. त्यांच्या डोंगरात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. रानात नाही, पाण्याच्या कडेला नाही, आणि दुपारी बाराच्या टिपणाला तर मुळीच नाही. "जे मानूस न्हाई ते एकदाच हाक मारतं. मेलेल्या मानसाचा आवाज काडून मारतं, आपल्या वळखीचा. तू ओ दिला का तुजा जीव त्या ओच्या मागं गेला. मानूस आसंल तर तीनदा मारील. मानसाला काम आसतं ना! तिसरी ऐकायची, मंग ओ द्यायचा. माज्या आयनं मला बारकं आसताना शिकिवलं."

"म्हणजे भुताला तीनपर्यंत मोजता येत नाही?"

"त्याला काय शाळा हाय का?" मामा म्हणाला, आणि आम्ही दोघं इतके हसलो की आई आतून ओरडली.

त्यातून आमचा एक खेळ झाला. शनिवारी शाळा सकाळची आणि रविवारी सुट्टी, त्या दिवशी दुपारची भाकरी विहिरीवर मी न्यायची. दादांनी आमचीच विहीर खोल करायला घेतली होती, सगळ्या वस्तीला निदान प्यायला तरी पाणी लागावं म्हणून. मी काठाशी पोचले की पायाखालचे दोन खडे आत घरंगळायचे, आणि खालून मामाची हाक यायची, "इंदेऽऽ." मी गप्प. "इंदेऽऽ." मी गप्पच. तिसरी आली की मी वाकून जोरात ओ द्यायचे, आणि तो खालून म्हणायचा, "मानूस हाय रं, मानूस हाय! भाकर सोडा." खालची बाकीची दोन माणसं त्याला शिव्या द्यायची, कारण तेवढ्यात भाकरी गार व्हायची. पुढे नाताळची सुट्टी लागली आणि रोजच मी जायला लागले. माझ्या जन्मात इतक्या निर्मळ आनंदाचे दिवस थोडे आले, आणि ते दुष्काळात आले.

विहीर वरून पंधरा हात नुसती माती आणि मुरूम होती, खाली खडक. पस्तीस हातांवर पश्चिमेच्या बाजूला मामाला खडकात ओल लागली. तळाला नव्हे, भिंतीत. त्याने हात लावला, जीभ लावली आणि वर ओरडून सांगितलं की इथनं आडवं जायचं. मग तो पहारीने त्या ओलीच्या मागे मागे भिंतीत शिरत गेला. बसता येईल एवढं भुयार झालं, आठ-नऊ हात लांब. भिवाबा म्हणून एक म्हातारा होता, त्याने आयुष्यभर विहिरी बांधल्या होत्या. तो म्हणाला, वरची माती भुसभुशीत आहे, आधी काठ उतरता करून घ्या, मग आत घुसा. दादांनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. काठ उतरता करायचा म्हणजे दोन-तीन दिवस, आणि वस्तीवर बायका डोक्यावर हंडे घेऊन दोन-दोन मैल जात होत्या. मामा म्हणाला, "दाजी, मला पान्याचा वास येतोय." त्या वाक्यावर काम पुढे चालू राहिलं.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी मी अंगणात मिलो निवडत होते. आधी एक धप्प असा आवाज झाला, मोठा नव्हे, ओलं पोतं खाली टाकल्यासारखा. मग माणसांचा ओरडा. धावत गेलो तर विहिरीचा पश्चिमेचा काठ जागेवर नव्हता. आतून धूळ वर येत होती. बादलीजवळची दोन माणसं दोराला लोंबकळत वर आली होती, एकाच्या कपाळातून रक्त येत होतं आणि तो सारखं म्हणत होता, "सोपान भुयारात हुता. सोपान भुयारात हुता." भुयाराच्या तोंडावर दोन पुरुष उंच माती पडली होती. आई आली. ती ओरडली नाही. तिने काठावर बसून दोन्ही हातांनी माती मागे ओढायला सुरुवात केली, वरचीच माती, जिचा कशाशी संबंध नव्हता.

अंधार पडेपर्यंत माती उपसली, दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा सुरू केली. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं आली होती. अकराच्या सुमाराला भिवाबाने सगळ्यांना वर बोलावलं. उरलेल्या काठाला हात जाईल एवढी भेग पडली होती. तो म्हणाला, "आता खाली मानूस उतरवायचा न्हाई. वरून काठ कापत जाऊ. दोन दिस लागतील." दादा म्हणाले, आत माझा मेव्हणा आहे. भिवाबा म्हणाला, "जित्ता आसंल तर मी सोता उतरतो, आत्ता. पाईप ठोकून हवा दिऊ. मी म्हातारा हाय, माजं काय जातंय? पन मेलेल्यासाटी चार जित्ते घालवू नगा. आवाज घ्या. काय बी सूद लागली तर सांगा."

सगळे गप्प झाले. दादांनी ओणवं होऊन तीनदा हाक मारली, "सोपानाऽऽ." प्रत्येक हाकेनंतर पन्नास माणसं श्वास धरून उभी होती. काही आलं नाही. दादा सरळ झाले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि ते कान चोळत होते. कालपासून पहारींच्या आणि माणसांच्या गोंगाटात त्यांचे कान भणभणत होते. आप्पाने त्यांना बळेच दंडाला धरलं, कालपासून पोटात काही नाही, दोन घास खा म्हणून. माणसं कडुनिंबाखाली जेवायला बसली. जाताना दादांनी मला काठाशी बसवलं आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माजा कान तुज्यापाशी ठिवून चाललो, इंदे. काय बी, कसला बी आवाज आला तर वराड."

ऊन डोक्यावर आलं होतं. माझी सावली माझ्याच पायाखाली होती. विहिरीच्या पलीकडच्या कडेला ते सात शेंदरी दगड होते. मातीबरोबर सगळं गेलं होतं आणि ते तेवढे जागेवर होते. मी मन घट्ट करून ऐकत होते. कडुनिंबाखालून पितळीचे आवाज येत होते, ते मी वेगळे काढले. वारा वेगळा काढला. मग खालून, फार खालून, भिंतीच्या आतून आल्यासारखं, कुणीतरी म्हणालं, "इंदेऽ."

आज इतक्या वर्षांनी मी शपथेवर सांगू शकते की तो मामाचा आवाज होता. तेव्हाही मला ते कळलं होतं. तेच तर भयंकर होतं. मामा मेला असं पन्नास माणसं म्हणत होती, आणि भर बाराच्या टिपणाला, पाण्याच्या जागेवर, मेलेल्या माणसाच्या आवाजात माझ्या नावाने एक हाक आली होती. एकच.  मी दुसरीची वाट बघू लागले. मनात अंक मोजू लागले, वर्गात पहिली येणारी मुलगी, शंभरापर्यंत मोजलं, दोनशेपर्यंत मोजलं. दुसरी आली नाही. मग मी, साती आसरांना हसणारी मी, स्वतःला विज्ञानाचं सांगू लागले. हा भास असेल. कानात जुना आवाज राहतो. एकदाच ऐकलेल्याला पुरावा म्हणत नाहीत. भीती आणि शहाणपण दोन्ही माझ्या डोक्यात हातात हात घालून बसले होते आणि दोघांचं म्हणणं एकच होतं, की गप्प राहा.

दादा परत आले. चूळ भरून आले होते, मिशीला पाणी होतं.

"आला का काय आवाज?"

"न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या कानावर त्यांचा विश्वास होता. ते वळले आणि भिवाबाला म्हणाले, "कापा काठ."

दोन दिवस काठ कापला. त्या दोन दिवसांत मी किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं त्याचा हिशेब नाही. पहिल्या तासात सांगितलं असतं तर चाललं असतं. दुसऱ्या तासात, 'मग तेव्हा का नाही बोललीस' हे ऐकावं लागलं असतं. संध्याकाळपर्यंत ते सांगणं इतकं जड झालं की उचलेना. मी आईच्या बरोबर माणसांसाठी भाकऱ्या करत होते. माझ्या भाकऱ्या फाटत होत्या आणि आई त्या पुन्हा मळून देत होती. दर थोड्या वेळाने विहिरीकडे जाऊन मी ऐकत होते. आता एक जरी हाक आली तरी ओ देईन असं ठरवलं होतं. आली नाही.

काठ कापायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी सांजेला भुयाराचं तोंड मोकळं झालं. भुयार पडलंच नव्हतं. आत एक कणही ढासळला नव्हता. मामा भिंतीला पाठ लावून बसला होता, पहार मांडीवर, आणि पाय घोट्यापर्यंत पाण्यात. झरा फुटला होता. भिवाबाने त्याचा हात उचलून पाहिला, बोटं पाहिली, तोंडावरची माती पुसली, आणि वर येऊन कुणाकडेच न बघता म्हणाला, "परवाच्या दिसाला हुता जित्ता. हवा सरली." दादा माझ्याकडे वळले. फक्त एकदा, आणि किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही.  त्यानंतर त्यांनी मला कधीही इंजिनाचा आवाज ऐकायला शेजारी उभं केलं नाही.

राजूरहून आजी आली. म्हणजे मामाची आणि आईची आई, ज्या माउलीने त्याला तीन हाकांचं शिकवलं होतं ती. ती रडून रडून दमल्यावर भिंतीला टेकून बसली आणि दादांना विचारलं, "जाताना कुनाला हाक मारली का वो माज्या लेकरानं? कुनाचं नाव घ्येतलं का?"

"न्हाई आत्याबाई," दादा म्हणाले. "इंदी बसली हुती काठाला. तिला न्हाई आली."

मी चुलीपुढे होते. मी मागे वळून पाहिलं नाही.

त्या विहिरीचं पाणी गढूळ येत होतं, आठवड्यात निवळलं. मामाच्या झऱ्याने साऱ्या वस्तीचा उन्हाळा निघाला. बायका म्हणायच्या, गोड पाणी आहे. आईने पहिले तीन दिवस ते पाणी तोंडाला लावलं नाही, शेजारून मागून आणलं. चौथ्या दिवशी शेजारीही आमच्याच विहिरीवर यायला लागले. मग तिने तांब्या भरला, मामाचं नाव घेतलं आणि प्यायली. मीही प्याले. दुसरं नव्हतं.

पुढे मी शिकले, संगमनेरला शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आणि परक्या ग्रहांच्या गोष्टी वाचायचं सोडलं नाही. उलट जास्तच वाचल्या. लोकांना वाटे, बाईंना छंद आहे. मला त्या निळ्या माणसांचं काही पडलेलं नव्हतं. मला एवढंच शोधायचं होतं की हाक आल्यावर ऐकणारे काय करतात. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मुलांची सहल घेऊन जिल्ह्याबाहेर, डोंगरापलीकडे जुन्नरच्या अंगाला गेले. तिथे शेतांच्या मधोमध आकाशाकडे तोंड केलेल्या प्रचंड तबकड्या आहेत. एक तरुण शास्त्रज्ञ मुलांना समजावत होता की ह्या दूरच्या ताऱ्यांचा आवाज ऐकतात. एका पोराने अपेक्षेप्रमाणे विचारलं, दुसऱ्या ग्रहावरच्या माणसांचा पण? तो हसून म्हणाला, इथलं मुख्य काम ते नाही, पण जगात काही जण तसं ऐकत असतात. मी विचारलं, "समजा एकदाच संकेत आला. स्पष्ट आला. पुन्हा आलाच नाही. तर?"

"तर धरत नाहीत बाई," तो म्हणाला. "नोंद ठेवतात. पण पुन्हा यायला हवा. एकदा आलेलं काहीही असू शकतं."

म्हणजे आजीचा नियम आणि ह्यांचा नियम एकच. मी इतकी वर्षं स्वतःला दूषण देत होते की मी अडाण्यासारखी वागले. तसं नव्हतं, मी शास्त्रज्ञासारखीही वागले होते. त्याने मला काडीचाही दिलासा मिळाला नाही.

कारण परतीच्या बसमध्ये, पोरं गाणी म्हणत होती तेव्हा, मला एक गोष्ट सुचली. इतक्या वर्षांत ती कशी सुचली नव्हती देव जाणे. भुयारात काळोख होता. दिवस किती चढला ते मामाला कळायला मार्ग नव्हता. पण डोक्यावरच्या पहारी थांबल्या, मग दादांच्या तीन हाका झाल्या. त्या त्याच्यापर्यंत पोचल्या असतील की नाही कुणास ठाऊक, आणि त्याने ओ दिला असला तरी तो वर पोचला नसेल. मग सगळं शांत झालं. काम थांबलं म्हणजे भाकरीची वेळ. भाकरीची वेळ म्हणजे मी. म्हणून त्याने माझं नाव घेतलं, दुसऱ्या कुणाचं नाही. आणि आमचा खेळ त्याला पाठ होता. त्या कोंडलेल्या हवेत, छातीत असेल नसेल तो श्वास गोळा करून, तो मला एकदाच कशी हाक मारेल? त्याने नियमाप्रमाणे मारल्या असणार. पहिली त्या मातीत मुरली असेल. दुसरी मी पितळ्यांचे आवाज वेगळे काढत होते त्यात गेली असेल. मला जी ऐकू आली ती तिसरी होती. आणि मग तो ओची वाट बघत बसला, जशी मी दुसरीची.

दादा गेले, आई गेली, आजी तर कधीच गेली. आता ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कुणी नाही, म्हणून इथे सांगितलं. माझ्या घरी नातवंडांना माझी एक खोड फार गमतीची वाटते. कुणीही, कुठूनही, इंदू, आजी, बाई, काहीही हाक मारली की मी पहिल्या हाकेला ओ देते. अंघोळीला असले तरी, औषधाने झोप लागली असली तरी. धाकटी तर मुद्दाम भर दुपारी जिन्यातून "आज्जीऽ" म्हणते आणि लपून बसते. मी ओ देते आणि उठून दारापर्यंत जाऊन बघते. तिथे कुणी नसतं. ती जिन्याखाली तोंड दाबून हसत असते, ते मला ऐकू येतं. माझा कान अजून चांगला आहे.